कडू सालीची साक्ष

आश्विनाच्या उत्तरार्धात, इंद्रायणीकाठचा भात पिवळा पडू लागतो आणि खाचरांतले पाणी ओसरले तरी बांधांच्या कोपऱ्यांत, ओढ्यांच्या डबक्यांत आणि रेल्वेच्या भरावालगतच्या खोलगटांत ते हट्टाने मागे राहते, त्या दिवसांत कान्हे स्टेशनावर संध्याकाळच्या लोकलने उतरणाऱ्या माणसाला दोन गोष्टी बहुधा एकदमच भेटतात : सातविणीच्या फुलांचा उग्र वास, आणि कोणाच्या तरी घरी कोणाला तरी थंडी वाजून ताप आल्याची वार्ता. या दोहोंची सांगड आमच्या मावळात फार जुनी आहे. ज्या झाडाला या दिवसांत फूल येते त्याच झाडाची साल या दिवसांतल्या तापावर उकळून प्यावी अशी सृष्टीनेच तजवीज करून ठेवली आहे, असे आमच्या आजीची पिढी मानीत असे. आणि ज्यांनी तापाची एकही पाळी अंगावर काढलेली नाही, त्यांनी त्या श्रद्धेला हसावे हे मला कधीच रुचले नाही.

परंतु गेल्या वर्षी आमच्या नात्यातील एका तरुणाने हीच श्रद्धा मोबाईलवरून नव्या वेषात स्वीकारली. त्याच्याकडे आलेल्या मजकुराचा सारांश असा, की क्विनीन हे औषध मुळात सिंकोना नावाच्या झाडाच्या सालीतूनच निघते, कारखानदारांनी ते बाटलीत भरून महाग केले, आणि आपल्या रानात सातविणीची तशीच कडू साल फुकट मिळत असता दवाखान्याच्या पायऱ्या झिजवण्याचे प्रयोजन नाही. गडी शिकलेला, कारखान्यात कामाला जाणारा. पण लेखी मजकुराचा, आणि त्यातही फुकटच्या उपायाचा मोह शिक्षणाने सुटतोच असे नाही. आठ दिवस त्याने काढा घेतला. मधल्या दिवशी ताप उतरला की ते काढ्याचे यश मानावे, पुन्हा चढला की काढा अधिक दाट करावा, असा क्रम चालला. अखेर उभे राहवेना तेव्हा रक्त तपासले गेले, त्यात हिवतापाचे जंतू सापडले आणि गोळ्यांनी तो बरा झाला. बरा झाल्यावर त्याने मला विचारले, “काका, औषध सालीतूनच निघतं हे तर खरं ना? मग सालच घेतली तर चुकलं काय?”

हा प्रश्न भाबडा असला तरी हसण्यावारी नेण्याजोगा नाही. त्याचे उत्तर सिंकोनाच्या इतिहासात आहे. आणि तो इतिहास लक्षपूर्वक वाचला तर परंपरेच्या अभिमान्यांना आणि परंपरेच्या उपहासकांना, दोघांनाही, आपापली जबानी बदलावी लागेल असे माझे मत आहे.

प्रथम रोगाविषयी. हिव म्हणजे थंडी, मुळातले संस्कृत हिम. तेव्हा हिवताप या शब्दातच रोगाचे अर्धे वर्णन येऊन गेले. उरलेले अर्धे वर्णन ‘पाळी’ या शब्दात आहे. चरकसंहितेने विषमज्वराचे प्रकार सांगताना रोज येणारा तो अन्येद्युष्क, एक दिवस सोडून येणारा तो तृतीयक आणि दोन दिवस सोडून येणारा तो चतुर्थक, असा भेद केला. आमच्याकडचे लोक तृतीयकालाच एकांतरा म्हणत. (आजच्या मराठीत विषमज्वर हे नाव टायफॉईडला चिकटले आहे, शब्दांनाही स्थलांतर करावे लागते.) ही कालगणना अचूक होती हे सूक्ष्मदर्शकाने पुढे सिद्ध केले. व्हायवॅक्स जातीचा परोपजीवी दर ४८ तासांनी आणि मलेरी जातीचा दर ७२ तासांनी रक्तातील तांबड्या पेशी फोडून बाहेर पडतो, आणि प्रत्येक स्फोटाबरोबर रोगी हुडहुडतो, तापतो व घामाने भिजून शांत होतो. हे जंतू लाव्हरान या फ्रेंच लष्करी वैद्याने १८८० साली पाहिले, आणि त्यांचा डासाशी असलेला संबंध रोनाल्ड रॉसला २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत उमगला. परंतु पाळी मोजण्याचे काम त्याच्या कित्येक शतके आधीपासून घरोघर चालू होते. आमची आजी चुलीतल्या कोळशाने भिंतीवर रेघ ओढी : ताप आला त्या दिवशी उभी रेघ, न आला त्या दिवशी ठिपका. लहानपणी मला तो तिचा काही तरी तोडगा वाटे.

आता सालीविषयी. सिंकोना हे दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताच्या ओलसर उतारांवर, आजच्या पेरू, एक्वादोर, बोलिव्हिया या देशांत वाढणारे झाड. १६३८ साली कालांचा नावाच्या एका ख्रिस्ती साधूने लोहा प्रांतातील ‘तापाच्या झाडा’चा उल्लेख केला, त्याची दालचिनीच्या रंगाची साल कुटून दोन लहान नाण्यांच्या वजनाइतकी पाण्यातून दिली असता ताप जातो, असे तो सांगतो. पुढे जेझुईट पाद्र्यांनी ती साल युरोपात नेली आणि ‘जेझुईटांची साल’ या नावाने ती प्रसिद्धीस आली. चिंचोनची सरदारीण या सालीने बरी झाली, ही कथा इतकी लोकप्रिय झाली की लिनियसने १७४२ साली वंशाला तिचेच नाव दिले, आणि तेही देताना एक अक्षर गाळून. पुढे कागदपत्रांची छाननी झाली तेव्हा त्या कथेला आधार नसल्याचे आढळले. म्हणजे ज्या झाडाने जगाला तापातून सोडवले, त्याच्या नावातच एक दंतकथा आणि एक शुद्धलेखनाची चूक कायमची दफ्तरदाखल झालेली आहे.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की हिवताप हा अमेरिकेचा मूळचा रोगच नव्हे, तो समुद्रापलीकडून आलेल्या माणसांच्या रक्तातून तेथे पोचला, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. तेथील मूळ रहिवासी ही साल घेत ती बहुधा थंडीने भरणारे कापरे थांबावे म्हणून. कापरे थांबवणारी वस्तू हिवतापाचेही कापरे थांबवील काय, हे कोणी तरी करून पाहिले, आणि तेथून पुढचा इतिहास घडला. ज्याला आपण सिंकोनाचा पारंपरिक उपयोग म्हणतो तो अशा रीतीने आरंभापासूनच एक प्रयोग होता. तो प्रयोग डोळसपणे करणाऱ्यांचे पारडे जड झाले, आणि झाकून ठेवणाऱ्यांनी किती अवधी फुकट दवडला याचेही उदाहरण याच इतिहासात सापडते. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये रॉबर्ट टॅलबर नावाचा एक तापवैद्य होता. तो उघडपणे जेझुईटांच्या सालीपासून सावध राहा असे लोकांना बजावी, आणि स्वतःच्या गुप्त औषधाने राजेरजवाड्यांना बरे करी. फ्रान्सच्या चौदाव्या लुईने ते रहस्य मोठे मोल देऊन घेतले, आणि टॅलबरच्या मृत्यूनंतर ते छापून प्रसिद्ध केले तेव्हा कळले, की त्या गुप्त औषधातील मुख्य द्रव्य म्हणजे मद्यात भिजवलेली तीच साल. टॅलबरचे वंशज आपल्याकडेही कमी नाहीत. ‘आमच्या घराण्यात चालत आलेले, नाव सांगू नये असे’ औषध देणाऱ्या प्रत्येकाला हा इतिहास ऐकवावासा वाटतो; कारण गुप्त ठेवलेले औषध खरे असले तर समाजाची हानी होते, आणि खोटे असले तर रोग्याची.

आता माझ्या त्या पुतण्याच्या प्रश्नाकडे वळतो. साल गुणकारी असेल तर सालच का घेऊ नये? याचे पहिले उत्तर असे, की ‘साल’ ही एक वस्तू नाही. १८२० साली पेलेतिए आणि कावाँतू या दोन फ्रेंच औषधतज्ज्ञांनी सालीतून क्विनीन वेगळे काढले, आणि मग लोक निरनिराळ्या साली तोलू लागले तेव्हा असे दिसले, की एकाच नावाने विकल्या जाणाऱ्या सालींत औषधाचे प्रमाण कल्पनेबाहेर भिन्न असते. चार्ल्स लेजर या व्यापाऱ्याने पाठवलेले बोलिव्हियाचे बी १८६५ साली डच सरकारने विकत घेऊन जावा बेटात रुजवले; त्या जातीच्या सालीत क्विनीन शेकडा १० च्याही पुढे जाई. इंग्रजांनी क्लेमेंट्स मार्कहॅमच्या मोहिमेतून दक्षिण अमेरिकेहून जी रोपे व जे बी आणवले आणि उटकमंडच्या बागेत मॅकआयव्हरच्या देखरेखीखाली वाढवले, त्यांतील तांबड्या सालीच्या जातीत ते प्रमाण त्याच्या लहानशा अंशाइतकेच. दोन्ही सिंकोनाच, दोन्ही कडूच. पण एका चिमटीत गुण येईल आणि दुसरीच्या मुठीने येणार नाही. उलट मात्रा जास्त झाली तर कानांत गुणगुण सुरू होते, ऐकू कमी येते, दृष्टी मंदावते, हृदयाची लय बिघडते. चुलीवरच्या भांड्यात यांपैकी काय शिजते आहे, हे जिभेला कळत नाही.

जागेचाही गुण लागतो. आपल्या महाबळेश्वरी लिंगमळ्यालाही मुंबई सरकारने १८६० नंतरच्या दशकात सिंकोनाची लागवड करून पाहिली. थंड हवा आहे, उंची आहे, पाऊस आहे, मग झाड का रुजू नये, असाच तेव्हाच्या अंमलदारांचा हिशेब असणार. परंतु अँडीजचे हे झाड बारमाही ओलाव्याला सरावलेले. चार महिने अंगावर कोसळणारा आणि आठ महिने तोंड फिरवणारा सह्याद्रीचा पाऊस त्याला मानवला नाही, आणि तो प्रयोग सोडून द्यावा लागला. नीलगिरीत आणि दार्जिलिंगजवळच्या मंगपूत सिंकोना टिकला, कारखाने उभे राहिले. आमच्या मावळाच्या वाट्याला झाड आले नाही. आली ती पुडी.

ती पुडी येण्यापूर्वी जे घडले ते मात्र विशेष सांगण्याजोगे आहे, कारण त्याची आठवण फारशी कोणी ठेवलेली नाही. सालीत क्विनीनखेरीज क्विनिडीन, सिंकोनीन व सिंकोनिडीन अशी आणखी तीन भावंडे असतात, आणि ती स्वस्त पडतात. तेव्हा त्यांचा उपयोग होतो की नाही हे ठरवण्यासाठी १८६६ साली सरकारने चौकशीमंडळे नेमली. मद्रास इलाख्यात सुमारे अडीच हजार रोग्यांना ही चार द्रव्ये वाटून देण्यात आली, कोणाला काय दिले आणि काय झाले याची नोंद ठेवली गेली, आणि अखेरीस बरे न झालेल्यांची संख्या ३० च्या आतच राहिल्याचे प्रसिद्ध करण्यात आले. आजच्या काटेकोर कसोट्या त्या चौकशीला लावता येणार नाहीत. परंतु जे बरे झाले त्यांच्याबरोबर जे झाले नाहीत त्यांचीही मोजदाद करण्याची ती पद्धत मला त्या सगळ्या उद्योगातील सर्वांत मोठे औषध वाटते. १८९२ पासून बंगालमध्ये टपालकचेरीतून एका पैशाला क्विनीनची एक पुडी मिळू लागली, आणि पुढे ही व्यवस्था इतर इलाख्यांतही पसरली. इंग्रजी ‘क्विनीन’ मराठी जिभेवर येता येता ‘कोयनेल’ झाले. बोरघाटाच्या रेल्वेसाठी उकरलेल्या मातीच्या खड्ड्यांनी डास पोसले असतील, पण त्याच रेल्वेने कोयनेलही आणले. प्रत्येक पुडीत द्रव्य तेवढेच, तोललेले. तिची सालीवर सरशी झाली ती या एका गोष्टीने.

दुसरे उत्तर आपल्या स्वतःच्या सालींविषयी आहे, आणि तेथे आपण थोडे अधिक थांबले पाहिजे. आमच्या परिसरात तापासाठी सांगितल्या जाणाऱ्या कडू वस्तूंची यादी लहान नाही : सातवीण, भोरसाल, किराईत, गुळवेल, सागरगोटा, कडुनिंब. यांपैकी भोरसालीची कथा मोठी बोधप्रद आहे. हे झाड सिंकोनाच्याच कुळातले, म्हणजे कदंबाचे आणि कॉफीचेही भाऊबंद. साल तशीच कडू, आणि तापावर देण्याची वहिवाटही तशीच. रॉक्सबर्ग या थोर वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याला प्रथम सिंकोनाच्याच वंशात घातले होते. देशी सिंकोना सापडल्याचा आनंद काही काळ अनेकांना झाला असेल. परंतु सालीची परीक्षा झाली तेव्हा तीत क्विनीन आढळले नाही, आणि वनस्पतिशास्त्रानेही त्याला निराळ्या घरात नेऊन बसवले. नात्याने गुण येत नाही आणि चवीनेही येत नाही, याचे इतके घरगुती उदाहरण दुसरे नसेल.

सातविणीची कथा अधिक गुंतागुंतीची. या झाडाच्या फळ्यांवर मुले लिहीत, म्हणून शास्त्रीय नावात त्याला शाळेची उपाधी मिळाली. त्याच्या सालीला तापावरचे आणि अतिसारावरचे औषध म्हणून ब्रिटिश औषधकोशातही जागा मिळाली होती. मुंबईचे विल्यम डिमॉक यांनी वॉर्डन आणि हूपर यांच्यासह १८८९ ते १८९३ या काळात जो मोठा वनस्पतिकोश सिद्ध केला, त्यात आपल्याकडील अशा शेकडो साली, मुळ्या आणि पाने यांची आदराने व बारकाईने नोंद केलेली आहे. आणि त्यांतील हूपर हे मद्रास सरकारचे क्विनीन-परीक्षक होते, ही गोष्ट मला अर्थपूर्ण वाटते. परदेशी साल तोलणारा तराजू आणि देशी साल तोलणारा तराजू एकाच हातात होता. पुढे १९४२ साली जपानने जावा जिंकल्यावर जगाचे क्विनीन आटले, तेव्हा हिंदुस्थानात देशी पर्यायांचा शोध नेटाने झाला, आणि त्यात सातविणीचीही पुन्हा परीक्षा घेण्यात आली. हिवतापाच्या जंतूवर तिचा सिंकोनासारखा परिणाम दिसून आला नाही. कुड्याची साल मात्र आवेच्या, म्हणजे अमीबाजन्य अतिसाराच्या विकारावर पुष्कळ अंशी खरी उतरली आणि तिच्यातील कोनेसीन हे द्रव्य औषधशास्त्रात रुजू झाले. एकाच रानातल्या दोन साली. दोघींची फिर्याद एकाच कचेरीत गेली. निकाल निरनिराळे लागले. यात रानाचा अपमान कोठे झाला?

मग सातविणीने ताप जातो असे इतक्या पिढ्यांना का वाटले? त्या खोटे बोलत होत्या असे मुळीच नाही. जगातील सर्व रोगांत पाळीचा ताप हा सर्वांत दगाबाज साक्षीदार आहे, हे याचे उत्तर. तो आपण होऊन उतरतो. सोमवारी आला, मंगळवारी गेला. मंगळवारी जे काही केले असेल, काढा असो, दोरा असो, नवस असो, की नुसती झोप असो, त्याला यश मिळाल्याचा दाखला तो बिनतक्रार लिहून देतो. बुधवारी तो परत येतो तेव्हा आपण त्याला नवा ताप समजतो. शिवाय पुष्कळ वेळ रोगाशी झुंजलेल्या शरीरात काही प्रतिकारशक्ती येते आणि पाळ्या आपोआप सौम्य होतात. ते श्रेयही काढ्याच्या खाती जमा होते. आणि व्हायवॅक्सचे जंतू तर यकृतात दडी मारून बसतात व काही महिन्यांनी पुन्हा उठतात. तेथपर्यंत सिंकोनाची सालही पोचत नाही, क्विनीनही नाही. म्हणूनच रक्तातील जंतूंवरच्या औषधाबरोबर प्रायमाक्विनच्या गोळ्या १४ दिवस, आणि त्याही डॉक्टरांनी पारखून दिलेल्या, घ्याव्या लागतात. ताप गेला म्हणजे रोग गेला, हा समजच मुळात या रोगापुरता खोटा आहे. फाल्सिपेरम जातीच्या बाबतीत तर हा समज जिवावर बेततो. मेंदूपर्यंत पोचलेल्या रोगाला पुढच्या पाळीची वाट पाहण्याइतकी सवड नसते.

येथवर वाचून परंपरेचे उपहासक खूष झाले असतील, तर त्यांनाही दोन शब्द सांगणे प्राप्त आहे. क्विनीनला सहजी पर्याय मिळाला नाही. १८५६ साली पर्किन नावाच्या तरुणाने ते प्रयोगशाळेत घडवू पाहिले आणि त्याच्या हाती लागला जांभळा रंग. पुढे क्लोरोक्विन आले, काही वर्षे निर्वेधपणे चालले, आणि मग जंतू त्याला निर्ढावू लागले. तेव्हा जगाला तारणारे पुढचे मोठे औषध पुन्हा परंपरेच्याच पेटीतून निघाले. चीनच्या तू यूयू या संशोधिकेने चौथ्या शतकातील गे होंगच्या ग्रंथात एका वनस्पतीचा उपाय वाचला. आधीचे प्रयोग फसत होते, कारण सगळे ती वनस्पती उकळत होते, आणि ग्रंथात उकळण्याचा निर्देशच नव्हता, ती पाण्यात भिजवून पिळून घेण्यास सांगितले होते. उष्णतेने गुण नष्ट होत असावा हे तिने ओळखले, कमी तापमानावर अर्क काढला, आणि आर्टेमिसिनिन हाती आले. २०१५ साली तिला नोबेल पारितोषिक मिळाले. जुन्या ग्रंथाचा याहून मोठा सन्मान मला ठाऊक नाही : त्याची पूजाही केली नाही, तो रद्दीतही टाकला नाही, तो नीट वाचला आणि त्यातील प्रत्येक शब्दाची उलटतपासणी घेतली.

आणि सन्मानाचा विषय निघालाच आहे तर आणखी एका माणसाचे नाव घेतले पाहिजे. लेजरला ते उत्तम बी गोळा करून देणारा मनुष्य त्याचा बोलिव्हियातील स्थानिक सहायक मानुएल इंक्रा मामानी हा होता. कोणते झाड खरे आणि कोणते नकली हे त्याला कळत होते; जावाची सारी संपत्ती त्याच्या नजरेतून निपजली. बी देशाबाहेर दिल्याबद्दल त्याला तुरुंगात टाकले, मारहाण झाली आणि त्यातच त्याचा अंत झाला. झाडाच्या जातीला नाव मिळाले ते लेजरचे. आमच्या अंदर मावळातील आणि नाणे मावळातील ठाकर, कातकरी, महादेव कोळी या समाजांतील जी वृद्ध मंडळी एका दृष्टिक्षेपात कुडा आणि काळा कुडा यांतील भेद सांगतात, त्यांच्या बाबतीत आपण काय करतो आहोत? साल नेणारे व्यापारी येतात, झाडाला सभोवार कडे पाडून साल ओरबाडतात, झाड दोन वर्षांत वाळते. सांगणाऱ्याच्या हाती मजुरी पडते आणि ज्ञान कोणाच्याच वहीत उतरत नाही.

म्हणून माझे म्हणणे तीन गोष्टींपुरते आहे. पहिली : थंडी वाजून ताप आला की प्रथम रक्ताचा नमुना, मग बाकीचे सर्व. आरोग्यखात्याकडे ही तपासणी आणि हिवतापाची औषधे विनामूल्य मिळतात. बोटाला सुई टोचून घेण्यास लागणारा वेळ काढा उकळण्यास लागणाऱ्या वेळाहून कमी आहे. त्यानंतर कोणाला तोंडाला चव यावी म्हणून गुळवेल घ्यावीशी वाटली तर डॉक्टरांना सांगून घ्यावी. दुसरी : जैवविविधता कायदा २००२ साली झाला आणि त्याखाली प्रत्येक ग्रामपंचायतीत लोकजैवविविधता नोंदवही ठेवण्याची तरतूद झाली, माधव गाडगीळ यांनी आयुष्यभर आग्रहाने मांडलेली ही कल्पना पुष्कळ ठिकाणी कंत्राटी कारकुनाने भरलेली वही होऊन पडली आहे. तीत कोणती साल, कोणत्या ऋतूत, कोणत्या बाजूने, किती काढतात, कशावर देतात, आणि कशावर देऊनही उपयोग होत नाही, हे सांगणाऱ्याच्या नावाने व संमतीने लिहिले गेले पाहिजे. तिसरी : पुण्यात आघारकर संशोधन संस्था आहे, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे, विद्यापीठ आहे, त्यांनी मावळाच्या रानाकडे सहलीचे ठिकाण म्हणून न पाहता दफ्तर म्हणून पाहावे, आणि आपल्या वैद्यमंडळींनीही गुण आलेल्या रोग्यांबरोबर न आलेल्यांची संख्या छापण्याचे धैर्य दाखवावे.

यात मावळच्या शेतकऱ्याला परके असे काही नाही. कान्ह्याच्या शेजारीच, वडगावला, भाताचे संशोधन केंद्र आहे. आज ज्या इंद्रायणी तांदळाच्या नावावर आमचा तालुका मिरवतो तो वाण त्याच केंद्रात आंबेमोहोराच्या संकरातून निघाला. आंबेमोहोर जुना आणि सुवासिक म्हणून तो आम्ही जसाच्या तसा कवटाळला नाही, आणि जुना म्हणून बांधावर फेकलाही नाही. वाफ्यावाफ्याने तोलला, पडला कोणता आणि उभा राहिला कोणता ते पाहिले, आणि मग पेरला. बियाण्याच्या बाबतीत जो शेतकरी शेजाऱ्याच्या शब्दावर विसंबत नाही, त्याने औषधाच्या बाबतीत मोबाईलवरच्या अनोळखी मजकुरावर विसंबावे हे नवल आहे.

आमच्या जुन्या घराची ती भिंत आता उरलेली नाही. पण तिच्यावरच्या खुणा मला स्वच्छ आठवतात. १९५३ साली राष्ट्रीय हिवताप नियंत्रणाची मोहीम सुरू झाली, त्यानंतरच्या वर्षांत डी.डी.टी. फवारणारे लोक येत आणि जाताना दाराशेजारी रंगाने तारीख लिहून जात. त्या तारखेच्या बाजूलाच आजीच्या कोळशाच्या रेघा असत. सरकार आपली नोंद ठेवी, ती आपली. फार उशिरा, माझ्या स्वतःच्या मुलाच्या तापात, तिच्या नियमाचा मला उलगडा झाला. पहिल्या पाळीला ती काढा देई. दुसऱ्या पाळीलाही देई. तिसरी उभी रेघ ओढली, की चौथीची वाट न पाहता काढ्याचे भांडे पालथे घाली आणि आजोबांना कोयनेल आणायला पिटाळी. (हिवतापाची कोणतीही गोळी तिच्या लेखी कोयनेलच असे.) तिला अक्षर येत नव्हते. सातविणीवर तिची श्रद्धा होती, आणि तरीही ती सातविणीला तीनच पाळ्यांची मुदत देत असे. आज रक्त तपासायची सोय उंबऱ्याशी आली आहे, तेव्हा तिने बहुधा एकाही रेघेची वाट पाहिली नसती. पुतण्याला मी हे सांगितले तेव्हा त्याने विचारले, “आणि ताप गेल्यावर रेघा पुसायची का?” नाही, पुसत नसे. पुढच्या पावसाळ्यानंतर भिंत सारवायची वेळ आली, तरी तेवढा कोपरा ती तसाच सोडी.